मागच्या पंखावरचा एकच ठिपका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पीक निघालेल्या रानातून सकाळी साडेदहाच्या सुमारास चालताना बांधालगत एक नारिंगी फुलपाखरू दिसलं. पंखांना काळी किनार, पुढच्या पंखाचं टोक काळं आणि त्या काळ्यावर तिरका पांढरा पट्टा. जमिनीलगत घुटमळत होतं, घोळीच्या पसरलेल्या झुडपांवर क्षणभर टेकायचं आणि पुन्हा उठायचं. दोन फोटो मिळाले. एक वरून घेतलेला, जरा हललेला. दुसरा बाजूनं, पंख अर्धवट मिटलेले असताना. एका अ‍ॅपनं प्लेन टायगर सांगितलं, दुसऱ्यानं डॅनेड एगफ्लाय. चित्रं ताडून पाहिली तर दोन्ही सारखीच वाटतात. मग नेमकं कोणतं?

ही डॅनेड एगफ्लायची मादी आहे. हे मी दुसऱ्या फोटोवरून आणि तुम्ही सहज लिहून गेलेल्या घोळीवरून सांगतोय. नुसता पहिला फोटो असता तर मी ‘बहुधा प्लेन टायगर’ असं म्हणून थांबलो असतो, आणि चुकलो असतो.

आता दुसरा फोटो मोठा करून मागचा पंख बघा. पुढचा पंख मागच्या पंखावर जिथे चढतो, त्या वरच्या कडेच्या साधारण मध्यावर एक काळा ठिपका आहे. एकच. बाकी सगळा पंख किनारीपर्यंत कोरा नारिंगी आहे. प्लेन टायगर असतं तर पंखाच्या मधोमध शिरांनी वेढलेला जो लांबट भाग असतो, ज्याला ‘सेल’ म्हणतात, त्याच्या कडेनं तीन काळे ठिपके दिसले असते. नर असता तर चार. नराचा तो चौथा ठिपका इतरांपेक्षा मोठा असतो आणि नीट पाहिलं तर मधून फिकट दिसतो, कारण ती गंधपिशवी असते. मादीला वश करायला लागणारा गंध नर खुळखुळा, भुरुंडी अशा वनस्पतींच्या रसातून मिळवलेल्या द्रव्यांपासून तयार करतात. खुळखुळ्याच्या वाळक्या फांद्यांना प्लेन टायगरचे नर लगडलेले दिसतात ते त्यासाठीच. तेव्हा एक ठिपका की तीन-चार, इथेच निम्मा निकाल लागतो. ठिपके मोजायला फोटो सुंदर असावा लागत नाही, त्यात मागचा पंख आलेला असला म्हणजे झालं.

दुसरी खूण कडेची. तुमच्या फोटोत मागच्या पंखाची बाहेरची कड किंचित लहरी आहे, बारीक दाते पाडल्यासारखी. प्लेन टायगरची कड गोलसर आणि गुळगुळीत असते. हा फरक पुस्तकातल्या चित्रात डोळ्यात भरत नाही, कारण तिथे नजर रंगावर जाते. पण एकदा दिसला की पुढे कायम दिसत राहतो.

तिसरी खूण छातीची, म्हणजे डोकं आणि पोट यांच्यामधल्या भागाची. प्लेन टायगरची छाती कोळशासारखी काळी असते आणि तिच्यावर पांढरे ठळक ठिपके असतात. हललेल्या फोटोतसुद्धा ते बऱ्याचदा कळतात. तुमच्या फोटोतली छाती तपकिरी आहे. फक्त या खुणेवर मी निकाल दिला नसता, कारण सावलीत तपकिरीही काळं दिसतं. पण बाकीच्या दोन खुणांशी ती जुळते आहे.

आणि आता घोळ. मला सगळ्यात मोलाचं वाटलं ते हेच वाक्य. फुलपाखरू फुलावर बसलेलं असेल तर त्या फुलावरून ओळखीला फारशी मदत होत नाही, कारण मध प्यायला ते कुठेही जातं. पण मादी एखाद्या हिरव्या, फुलं नसलेल्या झाडाभोवती पुन्हा पुन्हा घिरट्या घालत असेल, पानाला शिवून उठत असेल, तर ती अंडी घालायला जागा शोधते आहे. आणि अंडी घालताना ती चोखंदळ असते, कारण अंड्यातून निघणारी अळी ठरावीक झाडांचीच पानं खाते. प्लेन टायगरची अळी रुई, हळदीकुंकू अशा चीक असलेल्या झाडांवर वाढते. घोळीशी तिचा काही संबंध नाही. डॅनेड एगफ्लायची अळी मात्र घोळीवर वाढते. बांधावरच्या घोळीवर नारिंगी मादी टेकत होती, एवढं कुणी फोनवर सांगितलं असतं तरी माझ्या मनात पहिलं नाव एगफ्लायचं आलं असतं.

मी स्वतः ही गोष्ट जमिनीवर पालथं पडून शिकलो. एका दुपारी मी बराच वेळ जिला प्लेन टायगर समजून नुसता बघत होतो, ती माझ्यापासून हातभर अंतरावर घोळीच्या फांदीवर उतरली. या कुळातली फुलपाखरं चारच पायांवर उभी राहतात. पुढचे दोन पाय आखूड होऊन छातीशी मिटलेले असतात, चालायला वापरात नसतात. तिनं ते आखूड पाय काढले आणि पानावर झरझर थोपटले, तबल्यावर बोटं फिरवावीत तसे. त्या पायांनी ती पानाची चव घेत होती. मग पोट खाली वळवलं, पानाच्या मागे क्षणभर टेकवलं आणि उडाली. मी पान उलटलं तर मोहरीहूनही लहान, फिकट, उभ्या रेषा असलेलं अंडं होतं. मागच्या पंखावरचा एकुलता ठिपका मला त्यानंतर दिसला, म्हणजे इतका वेळ तो समोर असूनही.

ही दोन फुलपाखरं इतकी सारखी का, हे कळलं की काय बघायचं तेही आपोआप कळतं. प्लेन टायगरची अळी रुईच्या चिकातली विषारी द्रव्यं अंगात साठवते, आणि ती कोषातून पुढे फुलपाखरातही उतरतात. या द्रव्यांचा हृदयावर परिणाम होतो आणि पक्ष्याला ओकारी होते. १९६० च्या दशकात लिंकन ब्राउअर या शास्त्रज्ञानं प्लेन टायगरच्याच गोतावळ्यातल्या मोनार्क फुलपाखरावर प्रयोग करून हे दाखवलं: मोनार्क खाल्लेला ब्लू जे पक्षी ओकला आणि पुढे मोनार्क नाकारू लागला. नारिंगी-काळा-पांढरा हा अशा चवीचा फलक आहे. डॅनेड एगफ्लायच्या अंगात हे विष नाही, पण मादीनं तो फलक जसाच्या तसा उचलला आहे. हेन्री वॉल्टर बेट्स हा निसर्ग-अभ्यासक १८४८ पासून ११ वर्षं अ‍ॅमेझॉनच्या जंगलात फुलपाखरं गोळा करत होता. खाण्याजोगी जात विषारी जातीचं सोंग घेते हे त्यानं १८६२ मध्ये मांडलं, आणि या प्रकाराला आजही त्याच्याच नावानं ओळखतात.

म्हणजे तुम्ही ज्या रंगांवरून ओळखायला निघालात, ते रंग नेमके फसवण्यासाठीच घडलेले आहेत. हजारो पिढ्या पक्ष्यांनी निवड केली. ज्या माद्या पक्ष्याला दुरून प्लेन टायगर वाटल्या त्या वाचल्या. पक्षी उडत्या फुलपाखराच्या मागच्या पंखावरचे ठिपके मोजत बसत नाही, त्यामुळे तिथे नक्कल काटेकोर व्हायची गरजच पडली नाही. पंखाची कड, ठिपक्यांची संख्या, अंडी घालायचं झाड, हे सगळं एगफ्लायनं आपलं आपल्यापाशी ठेवलं आहे. म्हणून रंगावरून शंका आली की रंग बाजूला ठेवायचा आणि मोजता येईल अशा गोष्टीकडे वळायचं.

नराचं सांगायचं राहिलं. डॅनेड एगफ्लायचा नर या भानगडीत पडतच नाही. तो गर्द काळा असतो, पुढच्या प्रत्येक पंखावर एक मोठा आणि टोकाशी एक लहान, मागच्या पंखावर एक मोठा, असे पांढरे डाग, आणि डागांच्या कडेला जांभळट निळी झळाळी. ही झळाळी रंगद्रव्याची नाही. खवल्यांच्या सूक्ष्म रचनेवरून प्रकाश परततो त्याची आहे, म्हणून कोन बदलला की ती दिसेनाशी होते. नर एखादी उंचवट्याची जागा पकडून पंख पसरून बसतो, जवळून जाणाऱ्या कुणाच्याही मागे लागतो आणि परत त्याच जागी येतो. तुम्ही त्या बांधावर पुन्हा गेलात आणि असा काळा-पांढरा पहारेकरी दिसला, तर तुमच्या नारिंगी मादीची ओळख आणखी पक्की होईल.

अ‍ॅपचं काय झालं तेही सांगतो, कारण तुमचा गोंधळ तिथून सुरू झाला. अ‍ॅप तुमचा फोटो आधी पाहिलेल्या फोटोंशी ताडून बघतं. प्लेन टायगर मोकळ्या माळावर, शेतात, बागेत सगळीकडे दिसतं, संथ उडतं, फोटोला सोपं असतं. त्याचे फोटो ढिगानं असतात. एगफ्लायच्या मादीचे त्या मानानं कमी, आणि तेही स्वाभाविक आहे. नक्कल करणारे असलच्या मानानं थोडे असतील तरच सोंग टिकतं. नकली फार झाले तर पक्ष्याला गोड घास मिळत राहतील आणि तो नारिंगी रंगाला घाबरायचा थांबेल. त्यामुळे फोटो अस्पष्ट असला की अ‍ॅपचा कल प्लेन टायगरकडे जातो, आणि बहुतेक वेळा ते बरोबरही असतं. अ‍ॅपला मी वाईट म्हणणार नाही, मी स्वतः रोज वापरतो. पण ते नाव सांगतं तेव्हा कोणत्या खुणेवरून सांगतंय हे कळत नाही. दोन अ‍ॅपनी दोन नावं दिली तर त्या दोन नावांमधला मोजता येणारा फरक शोधायचा आणि तो आपल्या फोटोत तपासायचा. ते काम आपलंच.

एक अडचण पुढे कधीतरी येईल म्हणून आत्ताच सांगून ठेवतो. प्लेन टायगर सगळीकडे एकसारखं नसतं. काहींच्या पुढच्या पंखाचं काळं-पांढरं टोक नसतंच, पूर्ण पंख नारिंगी असतो. काहींचा मागचा पंख पांढरा असतो. आणि एगफ्लायच्या माद्यांमध्येही या दोन्ही रूपांना जुळणारी रूपं आहेत. पण मागच्या पंखावरच्या ठिपक्यांचा हिशेब तिथेही चालतो. शिवाय एगफ्लाय आफ्रिकेपासून आशिया, ऑस्ट्रेलियापर्यंत आणि अटलांटिकपलीकडे कॅरिबियन बेटांवरही आहे. अमेरिका खंडात प्लेन टायगर नाही. म्हणजे असल जिथे नाही तिथेही नक्कल पोचली आहे, तेव्हा ‘इथे प्लेन टायगर नाही, मग हे एगफ्लाय कसं असेल’ असा तर्क करू नका.

एक गोष्ट मला इथे सांगितल्यावाचून राहवत नाही. नेबामुन नावाच्या इजिप्शियन अधिकाऱ्याच्या थडग्यात सुमारे ३,४०० वर्षांपूर्वी काढलेलं शिकारीचं भित्तिचित्र आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. पाणथळीत पक्षी उडताहेत आणि त्यांच्यामध्ये नारिंगी फुलपाखरं आहेत. जाणकार ती प्लेन टायगर म्हणून ओळखतात. एवढ्या जुन्या चित्रातलं फुलपाखरू जातीपर्यंत ओळखता येतं, कारण ज्यानं काढलं त्यानं ‘एक नारिंगी फुलपाखरू’ असं मोघम न काढता समोर दिसलं ते काढलं.

नारिंगी फुलपाखरांत आणखी काही जण गोंधळ घालतात, ते भरभर सांगतो. कॉमन टायगरच्या पंखांवरच्या शिरा जाड काळ्या असतात, जणू कुणी प्रत्येक शीर शाईनं गिरवली आहे. प्लेन टायगर आणि एगफ्लाय, दोघांच्याही पंखाचा मधला भाग असा गिरवलेला नसतो. टॉनी कोस्टर लहान असतं, त्याचा पुढचा पंख अरुंद आणि लांबट, दोन्ही पंखांवर काळे ठिपके विखुरलेले, आणि टोकाला तो पांढरा पट्टा नाही. ते अंडी कृष्णकमळाच्या जातीच्या वेलींवर घालतं. दक्षिण आशियातलं हे फुलपाखरू पूर्वेकडे सरकत सरकत २०१२ मध्ये ऑस्ट्रेलियात पोचलं. त्यामुळे ‘हे आमच्याकडे नसतं’ असं जुन्या यादीवरून ठामपणे म्हणताना जरा जपायला हवं. इंडियन फ्रिटिलरीची मादीही टोकाला काळं-पांढरं करून टायगरचंच सोंग घेते, पण तिच्या मागच्या पंखावर भरपूर काळे ठिपके असतात आणि खालून पाहिलं तर पंखावर रुपेरी-हिरवट नक्षी दिसते. पेंटेड लेडीच्याही टोकाला काळ्यावर पांढरे ठिपके असतात, पण तिची नारिंगी काळ्या डागांनी इतकी तुटलेली असते की एकदा पाहिल्यावर पुन्हा चूक होत नाही.

तुम्ही शेवटी विचारलंय की पुढच्या वेळी पूर्ण अनोळखी फुलपाखरू दिसलं, नावाचा अंदाजही नसला, तर सुरुवात कुठून करायची. जगात फुलपाखरांच्या सुमारे १८,००० जाती आहेत. पानं उलटत चित्राशी चित्र जुळवायला गेलात तर रंगाच्याच जाळ्यात अडकाल. आधी कूळ ठरवा, त्यासाठी रंग जवळजवळ लागतच नाही. चार पायांवर उभं आहे की सहा, मिशांची टोकं कशी आहेत, बसताना पंख मिटतं की पसरतं, उडताना तरंगतं की झेप घेतं, एवढ्यावर बरंच जमतं. चार पायांवर उभी राहणारी ब्रश-फुटेड, हे सगळ्यात मोठं कूळ, टायगर आणि एगफ्लाय दोघंही त्यातली. मोठी, फुलावर बसूनही पंख फडफडवत राहणारी, बऱ्याचदा मागच्या पंखाला शेपटी असलेली ती स्वॉलोटेल. पांढरी-पिवळी मध्यम आकाराची ती व्हाइट्स आणि यलोज. नखाएवढी, वरून निळसर आणि खालून राखाडी ठिपक्यांची ती ब्लूज. आखूड पंखांची, जाड अंगाची, उडी मारल्यासारखी सटकणारी आणि मिशांची टोकं आकड्यासारखी वळलेली ती स्किपर. मेटलमार्क हे आणखी एक लहान कूळ आहे, त्यातली थोडीच तुमच्या वाट्याला येतील. मिशांचं टोक गदेसारखं फुगीर नसून मिशा दोऱ्यासारख्या किंवा पिसासारख्या असतील तर तो बहुधा पतंग आहे, फुलपाखरू नाही.

ब्लूजमध्ये एक फसगत नेहमी होते. त्यांतल्या अनेकांच्या मागच्या पंखाच्या टोकाला बारीक शेपट्या आणि डोळ्यासारखा ठिपका असतो. बसल्यावर ते मागचे पंख एकमेकांवर घासतात, शेपट्या मिशांसारख्या हलतात आणि मागची बाजू डोकं वाटते. चतकोर पंख गेलेलं फुलपाखरू त्या टोकाकडून फाटलेलं दिसलं तर पक्षी किंवा सरडाही तिथेच फसला असं समजा.

कुळानंतर जात. इथे मोजणी उपयोगी पडते. ग्रास यलो नावाची लहान पिवळी फुलपाखरं घ्या. वरून सगळी सारखी पिवळी, काळ्या किनारीची. पण पंख मिटून बसलं की पुढच्या पंखाच्या खालच्या बाजूला, सेलमध्ये, बारीक तपकिरी खुणा असतात. एक असेल तर वन-स्पॉट, दोन असतील तर कॉमन, तीन असतील तर थ्री-स्पॉट. वरून काढलेला कितीही सुंदर फोटो इथे निरुपयोगी आहे. म्हणून मी नवख्यांना सांगतो, पंख पसरलेल्या फोटोच्या मागे लागू नका. खालची बाजू मिळाली तर अर्धं काम झालं.

नर-मादी वेगळी असतात हे तुम्ही एगफ्लायमध्ये पाहिलंच. कॉमन मॉरमॉनमध्ये एकाच जातीच्या मादीची तीन रूपं आहेत: एक नरासारखं, दुसरं कॉमन रोझ या विषारी फुलपाखरासारखं, तिसरं क्रिमसन रोझसारखं. ही सगळी एकाच जातीची आहेत हे आल्फ्रेड रसेल वॉलेस या निसर्ग-अभ्यासकानं १८६५ मध्ये मांडलं, आणि ‘डबलसेक्स’ हा एकच जनुक ही रूपं ठरवतो हे कृष्णमेघ कुंटे आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दाखवलं. रानात मात्र जनुक दिसत नाही, अंग दिसतं. रोझ फुलपाखरांचं अंग लाल असतं, मॉरमॉनचं काळं. पंखांची नक्कल झाली, अंगाची राहून गेली.

ऋतूही रूप बदलतात. कॉमन इव्हनिंग ब्राउनच्या खालच्या बाजूला पावसाळ्यात डोळ्यांसारखी वर्तुळं असतात, कोरड्या दिवसांत ती जवळजवळ नाहीशी होतात आणि फुलपाखरू हुबेहूब वाळक्या पानासारखं दिसतं. युरोपातलं मॅप बटरफ्लाय वसंतात नारिंगी आणि उन्हाळ्यात काळं-पांढरं असतं. १७५८ मध्ये, जीवांना शास्त्रीय नावं द्यायची पद्धत रूढ करणाऱ्या खुद्द लिनियसनं त्याच्या या दोन रूपांना दोन वेगळ्या जाती समजून दोन नावं दिली होती. तेव्हा तारीख लिहून ठेवणं हा ओळखीचाच भाग आहे. जुनं झालेलं फुलपाखरू आणखी वेगळं दिसतं: खवले झडून नारिंगी मातकट होतं, किनार तुटते, पांढरे ठिपके पुसट होतात. रंगांच्या आधारे केलेली ओळख अशा वेळी सगळ्यात आधी कोसळते. कुठली शीर कुठे आहे आणि ठिपका तिच्या कोणत्या बाजूला आहे, हे मात्र पंख झिजला तरी बऱ्याचदा वाचता येतं.

फोटोबद्दल थोडं. दिसल्या दिसल्या, आहात तिथून एक फोटो काढा, कितीही लांबचा का असेना. मग पुढे सरका. सरकताना स्वतःची सावली त्याच्यावर पडू देऊ नका. फुलपाखरू माणसाला जितकं घाबरत नाही तितकं अचानक आलेल्या सावलीला घाबरतं. वाकून, बाजूनं, थांबत थांबत जा. कॅमेरा पंखाला समांतर ठेवा, नाहीतर पंखाचा अर्धा भाग धूसर येतो आणि नेमका हवा तो ठिपका त्या अर्ध्यात असतो. सकाळी ऊन कोवळं असताना ती पंख पसरून अंग शेकत बसतात, तेव्हा वरची बाजू मिळते. ऊन तापल्यावर ओल्या मातीवर क्षार शोषायला जमतात, त्याला मड पडलिंग म्हणतात, तेव्हा खालची. उडून गेल्यावर ते ज्या पानावर किंवा फुलावर बसलं होतं त्याचाही फोटो घ्या. झाड ओळखायला उपयोगी पडतो आणि आकाराचा अंदाजही येतो. नुसत्या आठवणीतला आकार जवळजवळ नेहमी खऱ्यापेक्षा मोठा असतो. पकडायचं नाही. बोटांना लागलेली पूड म्हणजे त्याचे खवले असतात आणि ते परत उगवत नाहीत.

कधी कधी उत्तर कुळापाशी किंवा गणापाशीच, म्हणजे जवळच्या जातींच्या गटापाशीच, थांबतं, आणि तिथे थांबण्यात काही कमीपणा नाही. युरोपात वुड व्हाइट नावाचं साधं पांढरं फुलपाखरू आहे. ते एकच समजलं जायचं, मग त्यात दोन जाती आहेत असं कळलं, आणि २०११ मध्ये डीएनए आणि गुणसूत्रं तपासल्यावर त्या दोन नसून तीन निघाल्या. बाहेरून त्या फोटोत वेगळ्या करता येत नाहीत. अशा ठिकाणी जातीचं नाव ठोकून देणाऱ्यापेक्षा ‘या तिघांपैकी एक’ असं लिहिणाऱ्याची नोंद मला जास्त विश्वासाची वाटते. तुमच्या बाबतीत ती वेळ आलेली नाही.

तरी तुम्हाला पूर्ण खात्री हवी असेल तर बांधावरची ती घोळ अजून तिथेच असेल. उन्हं वर यायच्या आत जा, फांद्या हळूच उचला आणि पानांच्या खाली बघा. मादीनं अंडी घातली असतील तर काही दिवसांत काळी, अंगभर फाटे फुटलेल्या काट्यांची अळी सापडेल, डोक्यावर दोन लांब काटेरी शिंगं असलेली. हे काटे टोचत नाहीत. प्लेन टायगरची अळी याच्या अगदी उलट असते: गुळगुळीत अंग, काळे-पांढरे-पिवळे आडवे पट्टे आणि पाठीवर मऊ काळ्या धाग्यांच्या तीन जोड्या. ती शोधायला घोळ सोडून रुईकडे जावं लागेल. अळी सापडली तर तिचा आणि पानाचा एकत्र फोटो घ्या, पान तसंच ठेवा आणि चार दिवसांनी पुन्हा जाऊन बघा.